कंपूतली दोघं

२५ जुलै, शुक्रवार. पुरण यंत्रातून काढत होते. इथल्या हिंदी बोलणाऱ्या लोकांचा सावन पंधरा दिवसांपूर्वीच लागला, आमचा श्रावण आज सुरू झाला, आणि पहिल्याच शुक्रवारी जिवतीची पूजा. म्हणून ऑफिसातून लवकर निघाले होते. फोन वाजला तेव्हा दोन्ही हात पुरणाने भरलेले होते. मुलीला म्हटलं, स्पीकर लाव. ओट्यापाशी सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनीही ऐकलं.

फोन गावातल्या कंपू भागातल्या दवाखान्यातून होता. दहा वर्षांपूर्वी मूल व्हावं म्हणून आम्ही तिथे जात होतो. डॉक्टरीणबाई हिंदीत, अगदी सावकाश बोलल्या. तुमचे दोन भ्रूण आमच्याकडे गोठवून ठेवलेले आहेत. कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात, ती पुढच्या महिन्यात भरतील. स्वतःसाठी वापरायचे असतील तर पन्नाशी पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे आत्ताच. नाहीतर संशोधनाला देता येतील. तेही नको असेल तर नष्ट करावे लागतील.

मी विचारलं, "दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत? मूल हवं असणाऱ्या एखाद्या जोडप्याला?"

"नाही. कायद्यात बसत नाही. तुमचे आहेत ते तुमच्याचसाठी."

उद्या येते म्हटलं आणि राहिलेली डाळ यंत्रात घातली.

तेव्हा तीन तयार झाले होते. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवले होते, तीन फिकट गोल, एकासारखा दुसरा. त्यातला एक माझ्या पोटात ठेवला, दोन गोठवले. जो ठेवला तो आता मुलगी होऊन चौथीत आहे, भेंडी खात नाही आणि चपला कधी जागेवर ठेवत नाही. उरलेले दोन पुढच्या खेपेसाठी होते. पण बाळंतपणात माझं ब्लडप्रेशर असं चढलं की डॉक्टरीणबाईंनीच थोडं थांबा म्हटलं. थांबता थांबता सासरे अंथरुणाला खिळले, मग यांच्या छातीत दुखायला लागलं, ऑपरेशन झालं. दर वर्षी दवाखान्याचं आठवणीचं पत्र यायचं आणि मी पैसे भरून मुदत वाढवून घ्यायची. गाडीचा विमा भरतात तशी. त्यात फार विचार नव्हता. निदान मला तसं वाटायचं.

विचार सासूबाईंनी केला होता. जिवतीच्या दिवशी आई पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळते, आणि जी मुलं गावाला असतील त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकते, कुठे असतील तिथे त्यांना पोचाव्यात म्हणून. आमची मुलगी वर्षाची असताना तिला ओवाळून झाल्यावर सासूबाईंनी दिल्लीच्या नणंदेसाठी उत्तरेकडे अक्षता टाकल्या आणि मला विचारलं, "ते कंपूतलं अस्पताल कुठल्या बाजूला पडतं गं?"

"दक्षिणेला. का?"

"तिथे दोघं आहेत ना आपली."

मला हसू आलं. म्हटलं, "आई, चारी दिशांना टाका की."

"पत्ता माहीत असताना चारीकडे कशाला उधळू?" पण दक्षिणेकडे अक्षता टाकायला त्यांचं मन घेईना, ती यमाची दिशा. शेवटी बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी जरा पश्चिमेकडे कलवून टाकल्या. खाली चाटवाल्याचा ठेला होता, त्याच्या ताडपत्रीवर पडल्या. तेव्हापासून दर श्रावणात हे चालू आहे. आमच्या घरात ती 'कंपूतली दोघं' झाली. मुलगीसुद्धा कुणी विचारलं तर सांगायची, आम्ही तिघं आहोत, दोघं थंडीत आहेत. अशाने काय होतं ते आज कळलं. आठ वर्षं कुणाला आपलं मूल म्हणून अक्षता टाकल्या की ते नुसतं म्हणण्यापुरतं राहत नाही.

हे ऑफिसातून आले तेव्हा सासूबाईंनी वाती बाजूला सारून विषय काढलाच.

"प्रयोगाला द्यायचे म्हणतात. माझ्या नातवंडांना."

"आई, अजून डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत ते. सुईच्या टोकाएवढे आहेत."

"दिसत नाहीत तर काय झालं? तुझे वडील तरी हल्ली कुठे दिसतात? पितृपक्षात पान वाढतोस ना त्यांना?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते.

"आणि नष्ट करणं चालेल तुम्हाला?" मी विचारलं.

"ते तर त्याहून वाईट. उचलून फेकून देणार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तूच का नाही ठेवून घेत एक?"

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." हे वाक्य त्यांनी लग्नापासून जपून वापरलंय, पण आज ते खरं होतं. त्यांची हरकत नव्हती. पोट माझं होतं आणि ब्लडप्रेशरही.

मला हवं होतं का? हो. अगदी साधंसुधं, दिवसाढवळ्या हवं होतं. पाळणा, दुपटी यांची मला कधी फार हौस नव्हती. पण त्या दोघांपैकी एखादं डावखुरं निघालं असतं, एखाद्याला सासऱ्यांसारखा शीळ वाजवत फिरायचा नाद असता, एखाद्याने भेंडी मागून खाल्ली असती, हे मनात यायचं, आणि यायचं ते रस्त्यात, ऑफिसात, कुणाच्या बिलाची तक्रार ऐकताना. नसलेल्या माणसाची आठवण येते म्हणणं चूक आहे, पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही. आणि एवढं असूनही मी एकोणपन्नासाव्या वर्षी, दिवसाला दोन गोळ्या घेऊन, चौथीतल्या मुलीची आई पणाला लावणार नव्हते. हा हिशेब मांडायला मला कणीक मळून होईपर्यंतही वेळ लागला नाही. पटायला लागेल, ते वेगळं.

मुलगी दारात उभी होती. "आई, मी पण वहीं से आले ना?"

"हो."

"तो मग मलाच का उचललं? मी पहले नंबर पे होते?"

"नंबर वगैरे काही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी एक घेतलं, ती तू."

"मतलब लक."

सासूबाई म्हणाल्या, "लक कशाला, जिवतीची कृपा."

"दोन्ही," मी म्हटलं आणि तिला हातपाय धुवायला पाठवलं.

त्यानंतर मी डॉक्टरीणबाईंना परत फोन केला, या वेळी स्पीकर न लावता. संशोधन म्हणजे नक्की काय करतात? त्यांनी सांगितलं की काही भ्रूण पोटात रुजतात, काही वाढता वाढता थांबतात, ते का, हे थोडे दिवस वाढवून पाहतात. मग ते संपतात. तुम्हाला जी औषधं दिली, जी पद्धत वापरली, ती अशीच कुणाच्या तरी भ्रूणांवर शिकून झाली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण कधी उलटीकडून पाहिलं नव्हतं. कुठल्यातरी गावातल्या कुठल्यातरी बाईने तिचे दिले, म्हणून माझी मुलगी हातपाय धुताना नळ चालू सोडतेय. त्या बाईलाही कुणीतरी विचारलं असेल, तिच्याही घरात कुणी रुसून बसलं असेल.

सासूबाईंना सांगितलं, संशोधनाला देऊ या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "दुखेल त्यांना?"

"नाही. दुखायला जे लागतं ते अजून तयारच झालेलं नाही."

"आणि ते लोक हात लावायच्या आधी नमस्कार करतील का?"

"मला माहीत नाही, आई."

त्यांनी मान हलवली. पटलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही तसं म्हणवून घेतलं नाही.

दिवेलागणीला पुरणाचे दिवे लावून मी मुलीला ओवाळलं. सासूबाईंनी उत्तरेकडे अक्षता टाकल्या आणि ताट माझ्या हातात दिलं. "त्यांच्या तू टाक. आई तू आहेस."

मी बाल्कनीत गेले आणि सरळ दक्षिणेकडे टाकल्या. सासूबाईंनी ताट परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवर कंपूला गेलो. संशोधनाच्या कागदावर आधी यांनी सही केली, मग मी. एकदा बघता येतील का म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेर काढले तर बिघडतील. मग त्यांनी विचारलं, वापरले गेले की कळवायचं का, बहुतेक लोक नको म्हणतात. मी कळवा म्हटलं, आणि घरचा नंबर खोडून तिथे ऑफिसचा लिहिला.