परवा ये

समोरच्या खुर्चीत विद्यार्थी येऊन बसला, की अक्का आधी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायच्या. मंजुरीचं बटण इतक्यात दाबलं जाणार नाही, हे त्याला दिसावं म्हणून. मग त्याचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अवसरम काय? परवा ये."

अवसरम म्हणजे घाई. चेन्नईत आल्यावर मी शिकलेला पहिला तमिळ शब्द हा, आणि तोही एका मराठी बाईकडून.

कोणता विषय घ्यावा, कोणता सोडावा, शाखा बदलावी का, हे सांगायला विद्यापीठ पगारी माणसं ठेवतं याचं तुम्हाला नवल वाटेल. आम्ही ती माणसं. शोळिंगनल्लूरच्या पुढे, काचेच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर आमची टेबलं शेजारी शेजारी होती. अक्का तंजावरकडच्या. घराण्याची मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली आणि इथल्या भातात मुरली. मी नांदेडचा, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. पण त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे पुणं, त्यामुळे मी कायम 'पुणेकर'च राहिलो.

"पुणेकर, तूं अस्क पोरांना लगेच हो म्हणतोस. बेष नव्हे तें."

अस्क म्हणजे सगळी. माझ्या टेबलापुढची रांग भराभर सरके, त्यांची जागची हलत नसे. वरिष्ठ माझं कौतुक करत. मीही ते घेत असे.

पण परवाचा गुण यायचा, हे कबूल केलं पाहिजे. मेकॅनिकलचा एक मुलगा खोलीतल्या मित्राच्या नादाने डेटा सायन्सला जायचं म्हणून आला. परवा आला तेव्हा त्याला आर्किटेक्चर हवं होतं. त्याच्या पुढच्या परवाला तो मेकॅनिकललाच राहायचं म्हणत होता आणि मित्रावर चिडला होता. दुसरी एक मुलगी रडत आली, सत्रच सोडायचं म्हणाली. कारण तुम्ही ओळखलंच असेल. परवा ती त्याच कारणाबरोबर कँटीनमध्ये एका ताटात डोसा खात होती. अक्कांनी लांबूनच मला खूण केली आणि नाकातल्या नाकात हसल्या.

मग चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरातली एक मुलगी आली. वडील तिथल्या सरकारी कारखान्यात. तिचं शेवटचं सत्र होतं आणि नोकरी ठरलेली होती. एक अवघड विषय सोडून तिला दुसरा घ्यायचा होता. अक्का म्हणाल्या, "अवसरम काय? परवा ये."

विषय सोडणं विद्यार्थ्याच्या हातात असतं, नवा घ्यायला आमची मंजुरी लागते. मुलीने जुना सोडून टाकला होता. आणि त्या वर्षीपासून नोंदणी ठरलेल्या दिवशी संगणक आपोआप बंद करणार होता. तशी सूचना आली होती, अक्कांनी वाचलीही होती. पण इतकी वर्षं परीक्षा विभागातल्या माणसाला फोन केला, की तो एखादा दिवस नोंदणी उघडी ठेवायचा. यंदाही ठेवेल असं त्यांनी धरलं. तो माणूस आता ते काम बघतच नव्हता.

परवा मुलगी आली तेव्हा नोंदणी बंद झालेली होती आणि तिच्या नावावर एक विषय कमी होता. म्हणजे पदवी सहा महिने पुढे, आणि कंपनी काही थांबणार नव्हती. दुपारी वडील आले, कारखान्याच्या कपड्यांतच. ते दाराशीच उभे राहिले. मुलगी मात्र सगळ्यांसमोर ओरडली, "मॅम, मी वेळेवर आले होते!"

"आली होतीस," अक्का म्हणाल्या.

आमच्या वरिष्ठांनी त्यांना आत बोलावून सुटकेची वाट दाखवली. विद्यार्थिनी उशिरा आली असं लिहा, कुणावर काही येणार नाही. चूक सल्लागाराची असेल तरच खास परवानगी मिळते, पण मग सल्लागारावर कारवाई होते. अक्का टेबलाशी आल्या, उभ्या उभ्याच कागद घेतला आणि लिहायला लागल्या.

मी म्हणालो, "अक्का, आज नका देऊ. परवा द्या."

"थांबून थांबूनच हें झालं नव्हे रे?" त्यांनी मान वर केली नाही.

मुलीला परवानगी मिळाली. अक्कांना पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत पाठवलं, विद्यार्थ्यांना सल्ला द्यायचा नाही अशी समज देऊन. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या रांगेतली मुलं माझ्याकडे आली आणि त्या वर्षी आमच्या विभागाचं काम मुदतीच्या कितीतरी आधी संपलं.

उन्हाळ्यात ती मुलगी मैसूरपाकाचा डबा घेऊन आली. वरिष्ठांना दिला, मला दिला. कामावर रुजू झाली होती. म्हणाली, "सर, त्या मॅममुळे माझी नोकरी जाणार होती. विद्यापीठाने वाचवलं." कागदात काय लिहिलं होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रयोगशाळा खालच्याच मजल्यावर होती. मुलगी लिफ्टने खाली उतरली आणि तिकडे न वळता निघून गेली.

संध्याकाळी अक्का खणातलं उरलेलं सामान न्यायला वर आल्या. नोकरी सोडत होत्या. डबा पाहून त्यांनी विचारलं, "कुणी दिला?"

मी सांगितलं. ती काय म्हणाली तेही सांगितलं. "अक्का, तिचा नंबर आहे माझ्याकडे. आत्ता फोन करून सांगतो."

"वेंडाम," त्यांनी हाताने नको म्हटलं. "खोटं काय बोलली ती? चूक माझीच. कामाला लागली ना?"

"लागली."

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश संपवला. मग दुसरा उचलून रुमालात बांधला.

"हा घरीं नेतें," त्या म्हणाल्या. "पोरीनं आणलाय."