पलीकडच्या खोलीतलं प्रूफ

भानामतीच्या, झपाटलेल्या विहिरींच्या बातम्या डेस्कवर यायच्या. त्या मी सरळ टोपलीत टाकायचो. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय काही छापायचं नाही, हा माझा नियम. या सदरात वाचक पाठवतात ते अनुभवही मी हसतच वाचत आलो... पण हा माझा आहे, आणि त्याची खात्री दोन ठिकाणांहून झालेली आहे.

तेव्हा मी अमरावतीत एका दैनिकात उपसंपादक होतो. शेतकरी आत्महत्यांची ती वर्षं. संध्याकाळी जिल्ह्याजिल्ह्यांतून त्याच बातम्या यायच्या, गावांची नावं तेवढी वेगळी. म्हणून स्वतःचं लिहिणं सकाळी. राजापेठेत वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. उठलो की चहा, टेबल आणि कथा. लिहिलेलं पान मी मोठ्याने वाचायचो, तेही स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. प्रेसमध्ये एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ताडून पाहायचं, अशी जोडीने प्रूफ वाचायची सवय घरीही सुटली नव्हती.

कथा पुण्या-मुंबईकडे जायच्या आणि 'साभार परत' यायच्या. पाकीट आलं की बायको, सुनंदा (माहेर अकोल्याचं), म्हणायची, "घ्या, नाई नांदली तुमची पोरगी. आली माहेरी." मीही हसायचो. पुढे पुढे हसू येईनासं झालं.

मग एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी पहिल्यांदाच चार ओळी लिहिल्या: संवाद प्रमाण भाषेत करा, शेवट थोडा आशादायी करा, कथा घेऊ. ती कथा मोर्शीच्या मंडीत संत्री निवडणाऱ्या गिरजाची होती. टाकून गेलेला नवरा कित्येक वर्षांनी तिच्या दारात येऊन उभा राहतो. गिरजा संपूर्ण माझ्या डोक्यातली. अशी कुणी बाई माझ्या पाहण्यात नव्हती.

"ही परत आली तर लिहिणं बंद," मी सुनंदाला सांगून टाकलं.

मे महिना होता. दुरुस्त केलेलं पान वाचत होतो.

"मला कशाला विचारता, प्रश्नचिन्ह."

भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला – "मले काहून इचारता, प्रश्नचिन्ह."

सपाट, कामातला आवाज. कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. पुढचं वाक्य वाचलं. तेही वऱ्हाडीत होऊन परत आलं. पलीकडच्या खोलीत ट्यूशन क्लास चालायचा, पण सुट्टी लागल्यापासून तिला कुलूप होतं.

घरमालक रशीदभाईंचं खाली शिलाईचं दुकान. ते किल्ली घेऊन वर आले. आत बाकं, फळा आणि धूळ. धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं. खिडकी आतून बंद.

"साहेब, भूत असन तं मले सांगा," रशीदभाई म्हणाले. "क्लासवाल्यापेक्षा भाडं तरी टायमावर देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनंदाला काही न सांगता शेजारी बसवलं आणि वाचायला लागलो. दुसऱ्याच वाक्याला तिने माझं मनगट धरलं.

"कोण बोलून राह्यलं तिकडे?"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

"बंद करा... नका वाचू."

"शेवट राहिलाय."

"आग लागो त्या शेवटाले! उठा तुमी."

मी उठलो नाही. संपादकांसाठी गिरजाच्या तोंडी घातलेला नवा शेवट वाचला – "झालं गेलं विसरले मी, स्वल्पविराम, आत या, पूर्णविराम."

खाली रशीदभाईंचं मशीन चालू होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग आवाज आला, या वेळी भिंतीला अगदी लागून.

"मी असं म्हटलंच नाई"

विरामचिन्ह नव्हतं. हे प्रूफ नव्हतं.

सुनंदा खाली पळाली. मी बसून राहिलो. पेन हातातच होतं. ती ओळ खोडली. मग एकेक 'मला' पुन्हा 'मले' केला. गिरजा दार उघडत नाही, तिथे कथा थांबवली आणि त्याच दिवशी पोस्टात टाकली.

"परत येईन ना आता ते," सुनंदा म्हणाली.

"येईल."

"मंग?"

मी पेनाला टोपण लावलं.

कथा परत आली. या वेळी चार ओळीही नव्हत्या, नुसती छापील चिठ्ठी.

तो आवाज नंतर कधी आला नाही. रशीदभाईंनी भिंत ठोकून पाहिली, क्लासवाल्याकडे चौकशी केली. हाती काही लागलं नाही. कुणीतरी माझं वाचणं ऐकून वऱ्हाडीत म्हणत होतं, इथवर मी एक वेळ मान्य करीन. पण मी रचलेल्या बाईच्या वतीने 'मी' कोण म्हणालं?

पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलापाशी नुसताच बसलो होतो. समोर कोरा कागद. सुनंदाने चहा आणून ठेवला, कागदाकडे पाहिलं.

"आता कोणाची गोष्ट लिहून राह्यले?"

"तिनं अजून नाव सांगितलं नाही."

गमतीने म्हणालो होतो. ती हसली नाही.