एकवीस इंच, सात फूट

खुर्ची फरशीवरून सरकल्याचा आवाज मला अजूनही ऐकू येतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी टेबल हलवलं तरी मी वळून बघतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नवा टीव्ही घ्यायचा होता. एकवीस इंची की एकोणतीस, यावर घरात दोन तट पडले. मी पडलो घरातला शहाणा. वर्तमानपत्राचे त्या मापाचे दोन कागद कापून भिंतीवर चिकटवले, टीव्हीचे इंच तिरपे मोजतात हे सगळ्यांना दोनदा समजावलं आणि भिंतीपासून सात फूट मोजून फरशीवर खडूने रेघ मारली. बसायचं ते या रेघेवर, आणि इथून एकवीस इंची पुष्कळ झाला, असा निकालही देऊन टाकला.

वडील मालेगावचं यंत्रमागाचं काम सोडून नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. कापडातला तुटलेला एखादा धागा लांबूनच हेरणारा माणूस. त्या दोन कागदांसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "जरा मोठाच घे ना."

"बाबा, घरात थिएटर काढायचंय का?" मी म्हणालो. सगळे हसले. तेही हसले.

टीव्ही आला आणि आठवड्याभरात त्यांची खुर्ची पुढे सरकायला लागली. रेघ केव्हाच पुसली गेली होती, माझ्या डोक्यात मात्र पक्की होती. "इतक्या जवळून बघून डोळे जातील, मागे व्हा!" पोरांवर ओरडावं तसा मी ओरडायचो. ते मागे व्हायचे, दोन दिवसांनी पुन्हा पुढे. एकदा पाहुण्यांसमोर माझं डोकं फिरलं आणि ते बसलेले असतानाच मी खुर्ची मागे ओढली. खर्रर्र. त्यानंतर खुर्ची कधी पुढे आली नाही.

ते मागूनच टीव्ही बघायचे. आम्ही हसलो की तेही हसायचे, पण किंचित उशिरा. मला ते जाणवायचं. कानाने कमी ऐकू येत असेल, असं समजून मी आवाज वाढवायचो.

दोन वर्षांनी ते जिन्यात पडले, तेव्हा कुठे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. अंगात साखर होती, कित्येक वर्षांची, कुणालाच पत्ता नव्हता. तिने डोळे आतून खराब केले होते. आधी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं, डॉक्टर म्हणाले. आता उजेड आणि अंधार कळेल, तेवढंच.

"आजोबा, दिसत नव्हतं तर घरात सांगायचं नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला वाटलं," वडील म्हणाले, "एवढ्या लांबून सगळ्यांनाच असं दिसत असेल."