धर्मा सायकलवाल्याची साक्ष

आमच्या गिरणीसमोरून जाताना धर्मा सायकलवाला छत्री उघडायचा. ऊन नाही, पाऊस नाही, तरी उघडायचा आणि आमचा ओटा ओलांडला की मिटायचा. घाट्याचं पीठ अंगावर पडायला नको, असं त्याचं म्हणणं. माझे वडील, आप्पा, हसून सोडून द्यायचे. माझं मात्र डोकं फिरायचं.

नालासोपाऱ्याहून वालीवकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा नाका. त्यावर पहिलं दुकान धर्माचं, यात वाद नाही. तो तिथल्याच गावचा. चार बांबू, वर पत्रा आणि भाड्याच्या सहा सायकली. कारखान्यांत जाणारे कामगार त्याच्याकडूनच सायकल न्यायचे. दुसरी आली आमची गिरणी. आप्पांनी साताऱ्याची जमीन भावाला सोडली आणि इथे डिझेलचं इंजिन लावून दळण सुरू केलं. मग भजीची गाडी, न्हावी, औषधांचं दुकान आणि मागाहून चार-चार मजली इमारती. नवा भाडेकरू दिसला की धर्मा त्याला थांबवून ऐकवायचा, "ह्या नाक्यावं पयला दुकान माजा. बाकी सगली मंगशी आली."

सुरुवातीला त्याचं आमच्याशी बरं होतं. बिघडलं ते हौसाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, लग्नात. त्यांच्याकडे लग्नाला तांदळाच्या भाकऱ्या लागतात, आणि तांदूळ धुऊन, वाळवून दळायला देतात. आप्पा ज्वारी-बाजरीच्या मुलखातले. त्याआधी कुणाच्या तरी मिरच्या दळल्या होत्या. आप्पांनी मूठभर ज्वारी फिरवली, जातं साफ झालं असं समजले आणि धर्माचा तांदूळ ओतला. भाकऱ्या लालसर झाल्या, तिखट झाल्या. वऱ्हाड जेवताना खोकत बसलं आणि नवऱ्या मुलाचा मामा पानावरून उठला. आप्पा दोनदा माफी मागायला गेले. दुसऱ्यांदा धर्माने दारातच बादलीभर पाणी ओतलं. छत्री तेव्हापासूनची. आणि ती भाकरीची गोष्ट तो सायकल भाड्याने नेणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा.

पुढे रस्ता रुंद करायचं ठरलं. दहा वर्षांपूर्वी रस्त्याची मोजणी झाली, त्याआधीपासून ज्याचं दुकान होतं, त्याला पलीकडे गाळा मिळणार होता. बाकीच्यांनी सामान उचलायचं. आमची पहिली वर्षं डिझेलवर गेलेली, त्यामुळे विजेचं जुनं बिल नव्हतं आणि परवानाही मोजणीनंतरचा होता. मोजणीआधी आम्हाला पाहिलेला माणूस नाक्यावर एकच. आप्पा त्याच्याकडे गेले, तर तो पंक्चर काढत राहिला, वर बघितलंही नाही.

पंचनाम्याच्या दिवशी सरकारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, मोजणीच्या वेळी इथे गिरणी होती का. धर्माने छत्री काखेत धरली आणि शांतपणे सांगितलं, "नाय. कुठं गिरन? तवा फक्त मी व्हतो."

आप्पांची पंधरा वर्षांची मेहनत त्या एका वाक्यात गेली होती. मला तर त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. तेवढ्यात आई पुढे झाली. ती कधी चारचौघांत बोलायची नाही. हात पदराला पुसत तिने विचारलं, "मग भावजी, हौसाच्या लग्नाचं पीठ कुणी नासवलं म्हणायचं?"

हौसाचा मुलगा तेव्हा सातवीत होता, म्हणजे लग्न मोजणीच्याही आधीचं, हे सगळ्या नाक्याला ठाऊक होतं. साहेब धर्माकडे बघत राहिले. धर्माचा चेहरा लाल झाला. आता गिरणी नव्हती म्हणायचं, तर एवढी वर्षं जपलेला राग सोडून द्यायचा. ते काही त्याला जमलं नाही. आप्पांकडे बोट करून तो ओरडला, "ह्याच घाट्यानी नासवला! मिरचीच्या जात्यान तांदूल दलला! सगला वऱ्हाड खोकत व्हता!"

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली. आम्हाला गाळा मिळाला.

आप्पा पेढे घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने पुडा परत दिला. "तुज्यासाठी नाय बोललो," म्हणाला. मेला तोवर आमच्याशी बोलला नाही आणि मलाही त्याच्या जाण्याचं दुःख झालं नाही.

पंचनाम्याची नक्कल आप्पांनी चौकट करून गिरणीत लावली. ते होते तोवर रोज सकाळी त्यावरचं पीठ पुसायचे. आता गिरणी मी चालवते. मीही पुसते. त्याची ती वेडीवाकडी सही स्पष्ट दिसेपर्यंत पुसते, आणि पुसताना रोज त्याला मनातल्या मनात एक शिवी घालते.