साडूंनी पाहिलेलं पॅरिस

आमच्या साडूंइतकी नावं ठेवणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर झाला नसेल. झालाच असता, तर 'त्याले नावं ठेवता बी येत नाही' असं म्हणून साडूंनी त्यालाही निकालात काढलं असतं. लाखनीला हमरस्त्यावर त्यांचं हातमागाच्या साड्यांचं दुकान आहे. घराणं विणकरांचं, त्यामुळे समोर काहीही ठेवा, ते आधी त्यातला सुटलेला धागा शोधतात. गिऱ्हाइकाला एखादी साडी आवडली, की त्या क्षणी ती यांच्या मनातून उतरते. 'हा रंग सुनेले नेता? काहून, तिच्यावर राग हाय का?' असं त्यांनी एका सासूला भर दुकानात विचारलं होतं. लग्नाच्या पंगतीत वरणाचा पहिला भुरका मारून ते असा चेहरा करतात, की वाढपी पुढच्या पानावर वरण वाढायला बिचकतो. एकदा मी त्यांना हट्टाने नागझिऱ्याला नेलं. नशिबाने वाघ दिसला. गाडीतले सगळे श्वास रोखून बसलेले, आणि रुबाबात रस्ता ओलांडणाऱ्या त्या जनावराला साडूंनी खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हटलं, 'हाच का तो? वाळला हाय ना जी.' मला तर वाटलं, वाघ ओशाळला.

या माणसाशी इतकी वर्षं संसार केला तो माझ्या मोठ्या मेव्हणीने, तोही हसतमुखाने. पण परवा एका लग्नात ती दुकानातून स्वतः निवडलेली अंजिरी साडी नेसून गेली. बायका भोवती जमून पदर हातात घेऊन बघत होत्या, तेवढ्यात साडू मागून म्हणाले, 'हा माल तं मी वापस पाठोवनार होतो.' सगळ्या हसल्या. मेव्हणीही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती पिशवी घेऊन साकोलीला आमच्या दारात उभी होती. 'आता मी काही त्या घरी जात नाही,' एवढंच ती माझ्या बायकोला म्हणाली.

बरेच दिवस लाखनीहून फोन नाही की निरोप नाही. मग एका रविवारी दुपारी साडू उगवले. 'इकडे काम होतं, म्हनून आलो,' म्हणाले. चहात साखर जास्त आहे म्हणाले, आमचा पंखा बैलगाडीसारखा वाजतो म्हणाले. 'घरी चल' एवढं सोडून सगळं म्हणून झालं.

नागपूरहून सुटीला आलेली माझी मुलगी टीव्हीवर सिनेमा लावून बसली होती, मावशी आणि आई तिच्या दोन बाजूंना. एकच पॅरिस शहर आणि त्यात निरनिराळ्या माणसांच्या प्रेमाच्या दहा-बारा छोट्या गोष्टी, हिंदीत केलेल्या. साडूंनी खुर्ची पुढे ओढली आणि पॅरिस धुवायला घेतलं. 'ही नदी? आपला तलाव याच्याहून रुंद हाय.' पुलावर फुलं घेऊन थांबलेल्या तरुणाला, 'या पोट्ट्याले कामधंदा नाही का?' बेकरीतली मुलगी दिसावी म्हणून रोज पाव घेणाऱ्याला, 'पाव वाया घालून राहिला लेकाचा.' शेवटी मेव्हणी मान न वळवता म्हणाली, 'पाहाचं असन तं चूप पाहा. नाही तं लाखनीची बस हाय.'

आणि साडू चक्क चूप बसले.

पुढच्या गोष्टीत एक म्हातारी स्टेशनच्या बाकावर बसली होती. नवऱ्याशी भांडून निघालेली. गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती आणि ती दर वेळी शेजारची पिशवी उचलून बाकावर जागा करत होती. गोष्ट तिथेच संपली आणि पडद्यावर दुसरीच माणसं आली.

साडू ताडकन उठले. 'अरे! अन् त्या बाईचं?'

'मावसाजी, संपली ती गोष्ट,' मुलगी म्हणाली. 'नवरा आला की नाही, ते आपण समजायचं.'

'नसन आला,' मेव्हणी म्हणाली.

'आला असन,' साडू म्हणाले. 'रोज निघत असन अन् अर्ध्या रस्त्यातून वापस जात असन. लाज वाटत असन त्याले. पन आला असन.'

मेव्हणीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. 'मंग आल्यावर का म्हनला असन?'

साडूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. 'मले का मालूम? अंजिरी साडी बेस दिसत होती, म्हनला असन.'

'बसा,' मेव्हणी म्हणाली. 'सिनेमा पुरा होऊ द्या.'

साडू बसले आणि शेवटपर्यंत बघत राहिले. एका गोष्टीला खुदकन हसले, एकीला डोळे पुसून पंख्याच्या धुळीला शिव्या दिल्या. संपल्यावर म्हणाले, 'बरा होता.' त्यांच्या तोंडून हा शब्द मी तोवर कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळच्या बसला आम्ही दोघांना सोडायला गेलो. पिशवी साडूंच्या खांद्यावर होती आणि बसच्या रंगावरून त्यांची बडबड पुन्हा सुरू झाली होती. मेव्हणी ऐकत नव्हती; नुसती हसत होती.

परतताना बायको म्हणाली, 'तुमी मले कधी वाकडा शब्द नाही बोलले.'

कौतुक समजून मी हसलो.

'म्हनून मी कधी रुसून गेली नाही,' ती पुढे म्हणाली, 'अन् तुमाले कधी मले आनाले येनं पडलं नाही.'

आवाजात तक्रार नव्हती. तिचा हात धरावा की काय, असा विचार मी करत होतो, तोवर घर आलं होतं.