पहिल्या ओळीतलं बटण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अस्लमला तर नाहीच — आणि खरं तर आधी त्यालाच सांगायला हवं होतं. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही आमच्या लोणंदचे नाही.

साताऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत मी वेबसाइट तपासतो. म्हणजे मी नाही, मी लिहिलेला प्रोग्रॅम तपासतो. माणसासारखा पान उघडतो, बटणं दाबतो, सगळं चालतंय का बघतो. कुठलं बटण दाबायचं, ते मात्र त्याला नेमकं सांगावं लागतं.

एका लग्नाच्या हॉलची वेबसाइट होती. प्रोग्रॅमने खोटं बुकिंग करायचं आणि तेच रद्द करायचं. नवं बुकिंग हॉलवाल्यांच्या यादीत सगळ्यांच्या वर यायचं, म्हणून मी सांगून ठेवलं — पहिल्या ओळीतलं 'रद्द करा' दाब. बुकिंगचा नंबर शोधून मगच दाबायला लाव, असं आमच्या कंपनीतल्या मॅडमनी बजावलं होतं. कोण एवढी खटपट करतो? रोज चालतंय ना! आणि हे सगळं लोक वापरत होते त्याच वेबसाइटवर. तपासणीसाठी वेगळी करायचाही मला कंटाळा.

अस्लम माझा शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी तो हॉल मीच सुचवला. बुकिंग त्याच्या बायकोनं, शबानावहिनींनी, मोबाइलवरून केलं. सुनेनं बसल्या जागी हॉल घेतला म्हणून सासू गल्लीभर सांगत फिरली.

पत्रिका वाटून झाल्या, आणि हॉलवरून कळलं — तुमचं बुकिंग रद्द झालंय, तारीख दुसऱ्यांना दिली. रद्द झाल्याचा मेसेज वहिनींनी बुकिंगचाच समजून जपून ठेवला होता.

सगळ्यांसमोर त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "भावजी, म्या न्हाई दाबलं. तुमी बगून सांगा की."

मी लॅपटॉप उघडून प्रोग्रॅमच्या त्या दिवसाच्या नोंदी काढल्या. एका नजरेत कळलं. प्रोग्रॅमनं बुकिंग केलं आणि रद्दचं बटण दाबलं, त्या मधल्या क्षणात वहिनींचं बुकिंग वर येऊन बसलं होतं.

'माझी चूक' — दोन शब्द. नोकरीची भीती होती का? होती. पण त्याहून जास्त — गल्लीत मी हुशार ना! मी म्हणालो, "वहिनी, चुकून बोट लागलं असंल."

अस्लमनं मान फिरवली. सासू म्हणाली, "येत न्हाई तर हात कशाला लावायचा गं?"

लग्न दारात मांडव घालून झालं. मी पंगतीत वाढत होतो, बिर्याणीही पोटभर खाल्ली. घरच्या मोठ्या सुनेला त्या दिवशी कुणी काही विचारत नव्हतं. त्या मागे भांड्यांपाशी बसून होत्या.

प्रोग्रॅम मी त्याच आठवड्यात सुधारला. आता तो नंबर जुळल्याशिवाय काही रद्द करत नाही. बघा — तेवढं बरोबर जमलं मला.

परवा वहिनी गॅसचा नंबर लावायला मोबाइल घेऊन आल्या. सगळं भरलेलं होतं, नुसतं एक बटण राहिलं होतं.

"तुमीच दाबा, भावजी. माज्या बोटाचा भरवसा न्हाई."

मी दाबलं.