ओलं पाऊल

काचेच्या बुटाची ती जुनीच परीकथा. सिनेमात तिचं आजच्या शहरातलं प्रेमप्रकरण केलं होतं, पण बूट तोच होता. नायकाने गुडघ्यावर बसून तो नायिकेच्या पायात अलगद चढवला आणि थिएटरभर टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या बायकोने मात्र आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"थंडी वाजतेय का?" मी विचारलं.

"नाही हो. तुमच्या आत्याबाई आठवल्या."

आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात आत्याने तिला पाय धुऊन फरशीवरून चालायला लावलं होतं. सपाट पावलाची सून घराला लाभत नाही, असं आत्या म्हणायची. ओल्या पावलात मधली जागा कोरडी उमटली, आत्याने मान डोलावली, आणि पोह्यांची बशी हातात धरून मी खूश झालो.

"आईने महिनाभर मला पाऊल आखडून चालायला शिकवलं होतं," पडद्याकडे बघतच ती म्हणाली.

मला पुढचा सिनेमा दिसेना. बूट अगदी बरोबर बसला, एवढंच गोष्ट सांगते. तो बसावा म्हणून आत काय काय दुमडलं, ते नायकाला कळत नाही. आणि तो तर पायाशीच बसलेला असतो.

घरी आल्यावर ती पाय धुऊन बाहेर आली. फरशीवर तिचं पाऊल उमटलं होतं, भरलेलं, सपाट. इतक्या वर्षांत मी ते प्रथमच पाहत होतो.

मी बघतोय म्हटल्यावर ती घाईने मागे वळली आणि तिने ते पुसून टाकलं.